धाकटीच्या दारातली वाळू

मी एक म्हातारं गाढव आहे, मित्रांनो. तुम्हाला मित्र म्हणतो ते रीत म्हणून. तुमच्यापैकी ज्याने गाढवाच्या शेपटीला कधीच डबा बांधला नसेल, त्याने पुढे यावं आणि माझ्या कानामागे खाजवावं. बाकीच्यांनी लांबूनच ऐकावं. मला लाथ मारता येते आणि माझा नेम अजून चुकत नाही.

माझा जन्म वीटभट्टीवर झाला. आईच्या अंगावर विटांची इतकी धूळ असायची, की ती मुळात कोणत्या रंगाची होती हे मला कधी कळलंच नाही. भट्टी बंद पडली तेव्हा एका वाळू वाहणाऱ्याने मला घेतलं. तोच माझा मालक. माणूस कष्टाळू, पण तोंडाने फटकळ आणि हाताने त्याहून फटकळ. मी वाहिलेल्या वाळूवर दोन गावांतली निम्मी घरं उभी राहिली. घर झालं की लोक गवंड्याचं कौतुक करायचे, आणि त्याच घरात पोरगं नापास झालं की त्याला माझं नाव द्यायचे. आयुष्यभराच्या राबण्याची ही माझी कमाई.

दोन गावं म्हणजे एक किनाऱ्यावरचं आणि एक आतलं, खाडीच्या वळणावर वसलेलं. किनाऱ्यावरचे म्हणायचे, आतल्यांना पाणी फक्त बादलीत दिसतं. आतले म्हणायचे, हे दर वादळाला आमच्याकडे येतात, घाण करतात आणि वर आम्हालाच नावं ठेवतात. किनाऱ्यावरच्या गावापुढे वाळूची लांबलचक टेकडी होती. वेलींनी ती घट्ट धरून ठेवली होती आणि तिच्याआड घरं होती. अगदी शेवटचं, रस्त्याला लागून असलेलं घर मालकाच्या धाकट्या बहिणीचं. ती मासेमारीची जाळी विणून पोट भरायची. घरात ती आणि अंथरुणाला खिळलेली तिची सासू, एवढ्या दोघीच.

एके सकाळी भोंगा लावलेली गाडी दोन्ही गावांतून फिरली. मोठं चक्रीवादळ येत होतं. किनाऱ्यावर लोकांनी होड्या ओढून झाडांना बांधल्या, छपरांच्या पत्र्यांवर दगड ठेवले, कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घालून पोटाशी बांधली. आतल्या गावात मोठं गोदाम रिकामं करून सगळ्यांसाठी जागा केली. पण गोदामाची जमीन रस्त्यापेक्षा खोल होती. खाडी फुगली की पाणी पहिलं तिथेच शिरायचं. दारात वाळूची पोती रचायला हवी होती आणि खाडीकाठची वाळू तर केव्हाच पाण्याखाली गेली होती. तेव्हा गोदामवाला स्वतः मालकाच्या दारात आला आणि, मित्रांनो, त्याने चक्क माझ्या मानेवरून हात फिरवला. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, ते खोटं नाही. त्याच्या अंगाला अत्तर होतं. मला शिंक आली आणि ती त्याच्या सदऱ्यावर गेली, याचं मला आजही समाधान आहे.

कोरडी वाळू एकाच जागी होती, टेकडीत. पलीकडच्या टोकाला घरं नव्हती, पण तिथून फेरा लांबचा पडला असता आणि आभाळ तर भरून आलेलं. मालकाने रस्त्यालगतचं टोक धरलं आणि सख्ख्या बहिणीच्या दारासमोर फावडं मारलं.

धाकटी हातातलं जाळं टाकून धावत आली. "दादा, इथून नको. तिकडच्या टोकाची ने."

"तिकडून आणेपर्यंत वादळ येऊन जाईल. वाळूला काय तोटा? लाटा परत आणून टाकतात."

"वाळू येईल रे. पण तिच्याआधी समुद्र येईल."

मालक म्हणाला, तुला लहानपणापासून प्रत्येक कामात खोडा घालायची सवयच आहे. तूही उद्या त्याच गोदामात बसणार आहेस ना? ती म्हणाली, मी बसेन, घराला पाय नाहीत. तिने माझं दावं धरलं, त्यानेही धरलं, आणि मधे मी. बहिणीवर हात उचलता येत नव्हता, म्हणून काठी माझ्या पाठीवर बसली. भांडण कोणाचंही असो, हिशेब माझ्याच पाठीवर चुकता होतो.

मग फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या. आम्ही पोती टाकून परत येईपर्यंत धाकटी घमेल्याने खळगा भरत असायची. आणि मालक तिने भरलेली वाळूच आधी उपसायचा, कारण ती मोकळी होती, खणायला सोपी. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. ती एकदाही रडली नाही. पुन्हा घमेलं उचलायची, एवढंच.

शेवटच्या फेरीला त्याने तिच्या सासूला उचलून माझ्या पाठीवर बसवलं. धाकटी मागून चालत होती, भावाशी चकार शब्द न बोलता. वाटेत म्हातारीने माझ्या मानेवर थोपटलं आणि म्हणाली, "याच्यातली थोडी अक्कल माझ्या सुनेच्या भावाला मिळाली असती तर बरं झालं असतं." माझ्या आयुष्यातलं हे एकच कौतुक. मालकाने ऐकलं आणि चालण्याचा वेग वाढवला.

वादळ दुसऱ्या दिवशी भरदुपारी आलं. खाडी फुगली, पाणी गोदामाच्या दाराशी आलं आणि पोत्यांवर थांबलं. आत मालकाचा जयजयकार चालला होता. गोदामवाल्याने त्याला स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. मी मात्र बाहेर पडवीच्या खांबाला बांधलेला होतो. पाणी गुडघ्याला लागलं, मग पोटाला. मी जीव खाऊन ओरडलो. आतून कोणीतरी म्हणालं, गाढवाला गाणं सुचलंय, आणि लोक हसले. माझं दावं सोडायचं मालकाच्याही मनात आलं नाही. तो कौतुक ऐकत होता.

धाकटी एकटी पोत्यांवरून उतरली. तिने जाळी कापायच्या सुरीने माझं दावं कापलं आणि मला दाराशी ओढलं. गोदामवाला आडवा आला. जनावर आत नको, माणसांनाच पाय ठेवायला जागा नाही, म्हणाला. ती वाकली, वरच्या पोत्याला तिने दोन्ही हातांनी मिठी घातली आणि आवाज न चढवता म्हणाली, "ही वाळू माझ्या दारातली आहे. याला आत घ्या, नाहीतर मी माझी वाळू घेऊन जाते."

तिने पोतं उचललंसुद्धा. पाणी आत आलं. मालक खुर्चीवरून उठला आणि पोतं धरायला पुढे आला. "तू हात लावू नकोस," ती म्हणाली. तो तसाच उभा राहिला. मग लोकांनी सरकून मला जागा केली आणि तिने पोतं परत दारात ठेवलं.

वादळ ओसरल्यावर आम्ही किनाऱ्यावर गेलो. टेकडी जवळजवळ होती तशीच होती. तिच्यामागच्या घरांची थोडी कौलं आणि पत्रे उडाले होते, इतकंच. फक्त मालकाने उपसून पाडलेल्या त्या एका खिंडीतून समुद्र आत आला होता आणि धाकटीचं घर घेऊन गेला होता. उंबऱ्याचा दगड तेवढा उरला. आतल्या गावातले लोक येऊन फार वाईट झालं म्हणाले आणि आपापल्या कामाला लागले.

तेव्हा मित्रांनो, वादळाची तयारी जरूर करा. पण वाळू उचलताना ती कोणाच्या दारातली आहे ते आधी पाहा, आणि स्वतः आत जाताना जनावराचं दावं सोडा. पोती रिकामी केल्याने टेकडी होत नाही. वेली धरायला वर्षं जातात.

धाकटी आता त्याच जागी ताडपत्रीखाली सासूला घेऊन राहते आणि वेली लावते. मालक गोदामातली पोती माझ्या पाठीवर घालून रोज तिथे नेतो आणि खिंडीत ओततो. त्याला कोणी सांगितलेलं नाही. ती त्याच्याशी बोलत नाही. बादलीभर पाणी आणते, माझ्यापुढे ठेवते आणि त्याच्याकडे पाठ करून बसते. उन्हात तोही तहानलेला असतो, पण मागत नाही. माझं पिऊन व्हायची वाट पाहतो आणि उरलं तर माझ्या बादलीतलं पितो. पहिले काही दिवस मी थेंब ठेवला नाही.

काल अर्धी बादली ठेवली. माया आली म्हणून नव्हे. पुढचं वादळ यायच्या आत त्याला अजून खूप वाळू ओतायची आहे.