टिंब मारलेली ताटं

दोनशे ताटांवर संस्थेचं नाव मीच कोरलं. नववीत सरांशी भांडून शाळा सोडली, तेव्हापासून सोनगीरला भांड्यांच्या दुकानात नावं टाकायचं मशीन धरून बसतो. ताटं मुंबईच्या संस्थेनं आमच्या गावाला दान दिलेली. लग्न कुठल्याही जातीचं असो, पंगत याच ताटांत बसावी म्हणून.

ताटं सांभाळायला माझ्या काकांकडं, लीलाधरनानांकडं. नाना म्हणाले, "भटू, यातल्या चाळीस ताटांना बुडाशी एकेक टिंब मार."

"कशाला?"

"भीमनगरात तीच द्यायची. आपल्यात मिसळायला नको. संस्थावाले काय ताट पालथं करून बघणारेत?"

मला राग पटकन येतो. तेव्हा नाही आला. उलट चाळीस टिंबं बरोबर मधोमध पडली, याची ऐटच वाटली.

दोन वर्षांनी संस्थेच्या मॅडम आल्या. गावात किती फरक पडला ते मोजायला. नानांच्या ओट्यावर बसून छापील फॉर्म भरत होत्या. नाना ताटं कुणी कधी नेली त्याची वही वाचत होते. भीमनगरातली अकरा लग्नं निघाली.

"अकरा!" मॅडम खूष. "बाकी गावांत दोन-तीनच्या पुढं आकडा जात नाही हो."

तेवढ्यात भीमनगरातली बेबाबाई टोपल्यात ताटं घेऊन आली. पुतणीच्या लग्नाला नेलेली. ओट्याखालीच उभी राहिली. मॅडमनी तिलाच विचारलं, "ताई, सगळ्यांसारखीच ताटं मिळतात ना तुम्हाला?"

बेबाबाईनं टोपलं खाली ठेवलं, वरचं ताट उचललं आणि बुडाशी अंगठा फिरवत राहिली. नेमका टिंबावर. मग माझ्याकडं बघितलं. गावात कोरणारा मी एकटाच, हे तिला ठाऊक होतं.

माझं डोकं सणकलं. नानांवर सणकायला पाहिजे होतं. मी तिच्यावरच खेकसलो, "अय बेबाबाई, तोंड शिवं का तुनं? भेटतस ना ताटा? मंग सांग ना!"

माझ्या आईच्या वयाची बाई ती.

"भेटतस माय," ती मॅडमना म्हणाली. "बठ्ठासले भेटतस."

'सगळ्यांना मिळतात का' यापुढं मॅडमनी 'होय'वर खूण केली. नानांनी चहा मागवला. बेबाबाईला कोणी विचारलं नाही.

मी ताटं मोजून घ्यायला खाली उतरलो. मान वर होईना. चाळीस भरली.

"पुढला महिनाम्हा मना पोऱ्या तोतारामनं लगीन शे," ती हळूच म्हणाली. "ताटा नको आमले. पत्रावळवर जेवाडसूत."

"बिनटिंबाची देतो ना," मी पुटपुटलो. "मी स्वतः काढून देतो."

"तुना काकाना समोर देशी?"

नाना चार हातांवर बसले होते. मॅडमही होत्या. एवढंच म्हणायचं होतं, की हो, देतो.

मी टोपलं उचललं आणि ताटं आत नेऊन वेगळ्या कोपऱ्यात लावली.