सातव्या नंबरचा उद्धट माणूस

आमच्या दवाखान्यात एचआयव्ही होऊ नये म्हणून रोज घ्यायची गोळी देतात. माणसं दोन महिने येतात, मग गायब. त्यांना फोन करून परत आणायचं काम माझं. शाळा चौथीतच सुटली, पण आवाज हॉर्नसारखा, म्हणून ठेवलं असावं. यादीत नावं नसतात, नुसते फोन नंबर.

परवा टेबलावरच्या फोनवरून सातवा नंबर लावला, तर खिशातला मोबाइल कोकलायला लागला. एका कानाला हा, दुसऱ्याला तो. मोबाइलमध्ये ओरडलो, "कामात आहे, डोकं खाऊ नका!" टेबलाच्या फोनातूनही कोणीतरी तेच ओरडलं. दोन्ही आपटले आणि यादीत लिहिलं, 'माणूस उद्धट आहे.'

सिस्टरबाईंनी ते वाचलं. नंबर बघितला, मग मला बघितलं.

"काका, स्वतःचा नंबर पाठ नाही?"

"मी कशाला मला फोन करतोय?"

बोललो आणि जीभ चावली.

आता लपवून काय करू? बायकोला एचआयव्ही निघालाय. तिचं औषध आत्ता सुरू झालंय, ते लागू पडेपर्यंत मला ही गोळी. पण मी गोळी घेतली की ती तोंड फिरवायची. वाटलं, बिचारी मनाला लावून घेतेय. तीन आठवडे घेतलीच नाही. आणि इथं बसून जगाला झापतोय!

"आधी तपासणी," सिस्टरबाईंनी बोट टोचलं. "आणि उद्धट माणसाच्या घरी फोन करायचा असतो. लावा."

लावला. "नमस्कार, दवाखान्यातून बोलतोय. तुमच्या घरचा एक माणूस गोळ्या घेत नाही."

"अहो, नाटकं पुरे." तिचा आवाज कापत होता. "तपासलं का?"

"तपासतायत. तू तोंड फिरवायचीस, रडायचीस, म्हणून..."

"रडते कसली! डोळे मिटून, गाल फुगवून गिळता तुम्ही. हसू आवरत नाही मला!"

मी गाल चाचपून पाहिले.

"एचआयव्ही नाही झालेला," सिस्टरबाई आल्या. "महिन्याने परत तपासू. ही घ्या, माझ्यासमोर."

फोनमधून मोठा श्वास सुटलेला ऐकू आला. मग, "घ्या. मी ऐकतेय."

घेतली. सिस्टरबाईंनी पटकन तोंड फिरवलं. खांदे गदागदा हलत होते.