तपस्विनीचा बॅनर

जळगावातले कापडाचे व्यापारी मांगीलालशेठ. ताग्यातला एक धागा तुटलेला असला तरी त्यांना दिसायचा. अकरावीतली मुलगी महिनाभर भरल्या ताटावरून उठून जात होती, ते मात्र दिसलं नाही!

आयुषी दिवसभर दार लावून पडायची. मैत्रिणींचे फोनही घेत नव्हती. तिची आई दिपमाला म्हणाली, "हिला मनाच्या डॉक्टरांना दाखवू या."

"वेड्यांच्या डॉक्टरला?" शेठ कडाडले. "उद्या हिच्याशी सोयरीक कोण करेल?"

मग त्यांनी मुलीच्या न जेवण्याला अठाईचं, म्हणजे आठ दिवसांच्या उपवासाचं, नाव देऊन टाकलं. मुलीला विचारतो कोण! तिनं उपवासाचा नियम घेण्याआधीच चौकात बॅनर लागला. त्यावर तपस्विनीपेक्षा शेठचा फोटो मोठा होता. वा रे भक्ती!

नियम घ्यायला तिला जैन स्थानकात, साध्वींच्या मुक्कामी, नेलं. तिथल्या साध्वी महासतीजींनी विचारलं, "बेटा, तुझी इच्छा आहे ना?"

"मला कसलीच इच्छा नाही. जेवायची नाही, जगायचीसुद्धा नाही."

शेठ घाईघाईनं हसले. "पोरकट आहे, काहीही बोलते. तुम्ही नियम द्या. सगळा समाज येणार आहे."

"शेठजी, तप करणाऱ्याला भूक लागते आणि तो ती सोसतो. हिची भूकच मेली आहे. हा आजार आहे. हिला टायफॉइड झाला असता तर बॅनर लावला असता? मी नियम देणार नाही. आजच डॉक्टरकडे न्या."

"मग धुळ्याला नेतो, तिथल्या देवपूर भागात. इथं कोणी पाहिलं तर..."

अजूनही! पोटची पोर मरणाचं बोलतेय आणि हा गृहस्थ गाव बदलतोय!

आयुषी हळूच म्हणाली, "राहू द्या, पप्पा. तुमचं नाव खराब होईल."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. शेठ सगळ्यांसमोर रडले.

दुपारी जळगावातच डॉक्टरांनी तिला तपासलं, उपचार सुरू केले. परतताना शेठनी चौकात गाडी थांबवली आणि स्वतः बॅनर सोडवू लागले. केळीची गाडी लावणाऱ्या सुकदेवनं विचारलं, "काय शेठ, पोरनं तप पुरं व्हयनं का?"

"नाही रे. मुलगी मनानं आजारी आहे. दवाखान्यात नेली होती."

एवढंच बोलायला त्यांना महिना लागला. तुम्हाआम्हाला किती लागेल? मुलांचं मन आजारी पडलं की त्याला तप, नाटक, आळस अशी नावं देऊ नका. आजार म्हणा, उपचार करा. सोयरीक पुढेही जुळेल, पण त्यासाठी आधी मुलगी जिवंत लागते.