दुकानाच्या काचेवरची बाई

डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेली चिठ्ठी नवऱ्याने तिच्या हातातून हिसकावली, चुरगाळून तिचा बोळा केला आणि जबडा दाबून तो बोळा तिच्या तोंडात कोंबला.

"औषधच खायचंय ना? खा! अख्खी वस्ती माझ्याकडून पावडर नेते आणि माझी बायको पोटात सुया टोचून घेणार? लोक माझ्या तोंडात शेण घालतील!"

ती फुलांच्या दुकानात कामाला होती, म्हणून तिला सगळे फुलवालीच म्हणत. अंगाने सुटलेली, रक्तात साखर वाढलेली, गुडघ्यांनी हात टेकलेले. नवऱ्याचं दुकान होतं वजन उतरवणाऱ्या हिरव्या पावडरीचं. 'शंभर टक्के नैसर्गिक' असं डब्या-डब्यावर लिहिलेलं. ती पावडर तिने वर्षभर इमानेइतबारे घेतली, पण वजन जागचं हललं नाही. पोटात आग तेवढी पडायची. नवरा म्हणायचा, "चोरून खातेस तू, भवाने," आणि केसांना धरून तिला भरल्या ताटावरून उठवायचा.

सुजलेला ओठ घेऊन ती पुन्हा दवाखान्यात गेली. दारावर आपटले म्हणाली. डॉक्टरीणबाईंचा विश्वास बसला नाही, पण त्यांनी चिठ्ठी पुन्हा लिहून दिली.

"हे इंजेक्शन म्हणजे जादू नव्हे," त्या म्हणाल्या. "मळमळेल, उलट्याही होतील. तपासणीला न चुकता यायचं. आणि ती पावडर आजपासून बंद. झाडपाल्याची आहे म्हणून निर्धोक असते असं कोणी सांगितलं? धोत्राही झाडालाच येतो."

इंजेक्शनं तिने फुलांच्या थंड कपाटात, गुलाबांच्या बादलीमागे ठेवली. आठवड्यातून एकदा मागच्या मोरीत उभी राहून ती पोटाला सुई लावायची. सुरुवातीला ओकून ओकून बेजार झाली. घरी नवरा सकाळी पावडरीचा ग्लास हातात द्यायचा. त्याची पाठ वळली की ग्लास सिंकमध्ये रिकामा व्हायचा.

हळूहळू वजन उतरू लागलं. नवऱ्याला आभाळ ठेंगणं झालं. त्याने दुकानाच्या काचेवर तिचे दोन मोठे फोटो लावले, आधीचा आणि आताचा. सुट्टीच्या दिवशी तो तिला दुकानात उभं करायचा, खांद्याला धरून गिऱ्हाइकांसमोर गरकन फिरवायचा. बोटं इतकी रुतायची की खांद्यावर वळ उठायचे. पण घरातला मार थांबला होता. त्या थांबलेल्या माराची तिला चटक लागली होती, म्हणून ती मूग गिळून बसली.

चिमणी तिची धाकटी नणंद. नावाला चिमणी, अंगाने भक्कम. तिचा नवरा वेल्डर, दोन गल्ल्या सोडून त्याचं वर्कशॉप. चिमणी एकदा काचेवरच्या फोटोपाशी थबकली आणि आत येऊन म्हणाली, "वहिनी, खरं सांग हं. हे सगळं पावडरीनंच ना?"

गल्ल्यामागून नवरा बघत होता.

"हो गं," फुलवाली म्हणाली.

भावाच्या मालावर आणि वहिनीच्या शब्दावर विसंबून चिमणीने पावडर सुरू केली. फरक पडेना, तेव्हा दुप्पट केली. डोळे पिवळे झाले, तेव्हा भाऊ म्हणाला, "आतली घाण बाहेर पडतेय, थांबवू नकोस." फुलवालीने ते पिवळे डोळे पाहिले आणि दारात गाठून दबक्या आवाजात सांगितलं, "चिमणे, डॉक्टरकडे जा." चिमणी हसली. "तुला बरं झालं तसं मलाही होईल की!" त्यानंतर काही दिवसांतच ती न्हाणीघरात रक्त ओकून पडली. इस्पितळात सांगितलं, यकृताने मान टाकली आहे, जगली तर नशीब.

सुट्टीचा दिवस होता, फुलवाली दुकानात उभी होती. भर दुपारी वेल्डर लोखंडी सळई घेऊन आत शिरला. पहिल्या फटक्यात काच खळकन खाली आली, फुलवालीच्या दोन्ही फोटोंसकट. दुसऱ्या फटक्यात फळी कोसळली. डबे फुटले, हिरवी धूळ उडाली. गिऱ्हाइकं जीव मुठीत धरून पळाली. वेल्डरने मेव्हण्याची मान पकडली, त्याला गल्ल्यावरून अलीकडे ओढलं आणि त्याचं तोंड सांडलेल्या पावडरीत दाबलं.

"खा! सख्ख्या बहिणीला खाऊ घातलीस ना? मूठ मूठ खा!"

नवरा गुदमरला. नाकातून रक्त आलं, पावडरीत मिसळून त्याचा काळपट चिखल झाला. कसंबसं तोंड वर काढून तो किंचाळला, "माझी बायको रोज घेते! तिला काही झालं का? विचार तिला!"

दोघांनीही तिच्याकडे पाहिलं. ती मोडक्या फळीला पाठ लावून उभी होती. मग तिचा आवाज तिलाच ऐकू आला.

"मी नाही घेत, भावोजी. केव्हाच सोडली. डॉक्टरांची इंजेक्शनं घेते मी. पावडर रोज सिंकमध्ये ओतते."

वेल्डरचे हात सैल पडले. नवरा उठला तो फुटक्या काचेचा तुकडा हातात घेऊनच. "सटवे! मला जगात नागडं केलंस!" त्याने वार केला. तिने तोंडासमोर हात धरला, काच मनगटापासून कोपरापर्यंत चिरत गेली. दुसरा वार उचलला होता, तेवढ्यात सळई बसली. त्याच्या हाताचं हाड मोडल्याचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला. तो आडवा झाला, आणि वेल्डरने सळई पुन्हा उगारली, या खेपेला डोक्यावर.

फुलवालीने रक्ताळलेल्या हाताने ती सळई धरली.

"भावोजी, सोडा! याला मारून तुम्ही आत गेलात तर चिमणीच्या उशाशी कोण बसेल?"

त्याने तिलाच हिसडा दिला. ती घसरली, गुडघ्यांवर आपटली, पण सळई सोडली नाही. "तुम्हीसुद्धा खोटारड्या आहात, वहिनी," तो म्हणाला. "हो," ती म्हणाली. मग तो मट्कन खाली बसला आणि डोकं गुडघ्यात घालून ओक्साबोक्शी रडू लागला.

पोलिसांनी दोघांनाही नेलं. फुलवाली हाताला ओढणी गुंडाळून, एक न फुटलेला डबा काखेत मारून इस्पितळात गेली. टाके घालायच्या आधी तिने तो डबा चिमणीच्या डॉक्टरांपुढे ठेवला. चिमणी किती घेत होती, कधीपासून, डोळे केव्हा पिवळे झाले, सगळं सांगितलं. काय प्यायलीय ते इतके दिवस कोणी त्यांना धड सांगितलंच नव्हतं.

वेल्डर जामिनावर सुटला, नवराही सुटला. दुकानाला टाळं लागलं. गळ्यात हात बांधून नवरा वस्तीभर सांगत फिरला की बायकोनेच केसाने गळा कापला. ऐकणारेही भेटले त्याला. पावडर आता कुठे मिळेल, असं विचारणारेसुद्धा भेटले. ती घरी परतली नाही. फुलांच्या दुकानामागच्या खोलीत राहू लागली.

चिमणीचा जीव खूप दिवस टांगणीला होता. अखेर डोळ्यांतलं पिवळेपण ओसरलं, तेव्हा फुलवाली तिच्या खाटेपाशी गेली आणि काही न लपवता सगळं सांगितलं. चिमणीने ऐकून घेतलं. मग कोपरावर जोर देत उठली आणि वहिनीच्या मुस्काटात मारली. हातात त्राण नव्हतं, तरी आवाज आला. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली.

"माझं घर दोन गल्ल्या सोडून," चिमणी धापा टाकत म्हणाली. "तो तुला मारत होता, तेव्हा एकदा तरी माझ्याकडे यायचं होतंस. मी काय त्याची बाजू घेतली असती?"

फुलवालीने तिच्या अंगावरून घसरलेलं पांघरूण नीट केलं.

"बस," चिमणी म्हणाली आणि पाय आखडून खाटेवर जागा केली. "उभी काय राहिलीस? बस इथे."