महागडं की साधं?

"आत्या, महागडंच घाला! माझ्या म्हाताऱ्या गाडीला जरा तरतरी येऊ दे," टॅक्सीवाला खिडकीतून ओरडला.

आत्याने नळी उचलली, पण टाकीत घातली नाही. बावीस वर्षं ती या पंपावर पेट्रोल भरत होती आणि सगळा पंप तिला आत्याच म्हणायचा.

"खाली उतर आधी. झाकणाच्या आत काय लिहिलंय ते वाच."

"एक्याण्णव."

"एक्याण्णव ऑक्टेन म्हणजे साधं. महागडं पंच्याण्णवचं, ते जोरकस इंजिनांसाठी. टॉनिक नाही रे ते! तुझ्या गाडीला धाप लागते ती कोंदलेल्या एअर फिल्टरमुळे. तो बदल आणि गपचूप साधं घाल."

नवा मॅनेजर मागेच उभा होता. येईल त्याच्या गळ्यात महागडं मारायचं, असं फर्मान त्याने आल्या आल्या काढलं होतं.

"आत्या, आता पुन्हा कुणाला साधं सुचवलंत, तर नळी सोडायची आणि त्या कोपऱ्यात चाकांत हवा भरत बसायचं. कळलं?"

हवेचा कोपरा म्हणजे वनवासच! तरी तिने टॅक्सीत साधंच भरलं.

तेवढ्यात एक लांबलचक काळी गाडी येऊन थांबली. "साधं. फुल्ल," मालक फोनमधून मान वर न काढता म्हणाला.

आत्याने झाकणाच्या आत पाहिलं. "साहेब, हिला पंच्याण्णवच लागतं."

"मला शेंडी लावू नका! तुम्ही बसलेलेच असता महागडं खपवायला. पेट्रोल इथून तिथून सारखंच."

"बरं. मग साध्या पेट्रोलवर चढाला इंजिन टकटक वाजतं का हो? डब्यात खडे हलवल्यासारखं?"

फोन खाली आला. "तुम्हाला कसं कळलं? दोन गॅरेजं पालथी घातली मी!"

"अहो, ऐका तिचं!" टॅक्सीवाल्याने तोंड घातलं. "मला आत्ताच साधं घ्यायला लावलंय तिने, तेही मॅनेजरची बोलणी खाऊन. खपवणारी बाई असं करेल होय?"

मालकाने एकदा टॅक्सीकडे पाहिलं, एकदा आत्याकडे. "घाला पंच्याण्णव."

मॅनेजरची मोठी पंचाईत झाली. रागवावं, तर महागडं खपलेलं. शाबासकी द्यावी, तर कुठल्या तोंडाने?

आठवड्याने काळी गाडी परत आली. टकटक बंद! आणि पाठोपाठ मालकाच्या ऑफिसातल्या पाच गाड्या, सगळ्या आत्याच्याच रांगेत. शेजारच्या दोन्ही रांगा ओस. हवेच्या कोपऱ्याचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

रांगेत सातवी गाडी खुद्द मॅनेजरची होती. त्याने काच खाली करून हळूच विचारलं, "आत्या, माझ्या गाडीला कुठलं हो?"

आत्याने पदराने कपाळ टिपलं.

"नंबर येऊ द्या, साहेब. बघू."