घायपाताचं पाणी

विजयमालानं मेंढीचा जबडा दोन्ही हातांनी फाकवला. जीभ पांढरीफटक पडून सुजली होती. दुसरी मेंढी पलीकडं कधीच गार पडली होती आणि तिचं कोकरू अजून तिच्या कासेला ढुसण्या देत होतं.

"आत्या, काय पाजलंसा ह्यास्नी?"

सासू, हरणाबाई, खांबाला टेकून उभी होती. "पानी. कोंडा कालवून दिलं."

"कुठलं पानी?"

म्हातारीनं शेडकडं बघितलं.

विजयमालानं जबडा सोडून दिला. शेडमध्ये घायपाताच्या पानांतल्या धाग्यांचा वाख कॉस्टिक सोड्यात भिजत पडलेला असायचा. सोडा वाखाचा चीक खातो, मग त्यावर ओतलेली राळ घट्ट धरते आणि गाड्यांच्या दारात बसवायचे तक्ते टणक होतात, असं कराडच्या कंपनीचा माणूस सांगून गेला होता. वाख पुन्हा पुन्हा धुवायचा, पाणी बोटांत चोळून बुळबुळीत लागेनासं होईस्तोवर. आणि ते सगळं पाणी खड्ड्यात! माण तालुक्यासारख्या टँकरवर जगणाऱ्या मुलखात हे उरफाटंच काम. पण गावात दुसरं काम होतं कुठं?

"ते पानी खराब हाय म्हनून सांगितलं न्हवतं व्हय म्या?"

"खराब?" हरणाबाईचा आवाज चिरकला. "अगं, तळ्यातलं गढूळ पानी पिऊन तुझा नवरा वाढला. हे तर लय नितळ हुतं. टँकर न्हाई, मेंढरं वरडत्यात, आन तू वतून द्याया निघालीस!"

विजयमालानं कोकराला मेलेल्या मेंढीपासून ओढून घेतलं. खराब म्हणाली होती ती. विष हा शब्द तिनं मुद्दाम घशातच ठेवला होता, नाहीतर म्हातारीनं अंगणात शेड उभीच राहू दिली नसती.

दुपारी टँकर आला. दिवस मावळायच्या आत ही मेंढीही गेली. दोघींनी मिळून खड्डा काढला, एकमेकींकडं न बघता. सकाळपासून म्हातारीच्या पोटात थेंब नव्हता, म्हणून विजयमालानं तांब्या भरून आणला.

हरणाबाईनं त्यात बोटं बुडवली, चोळली, नाकाशी नेली.

"आवं आत्या, टँकरचं हाय ते."

"आसंल."

म्हातारीनं तांब्या मातीत पालथा केला. सांडलेलं पाणी फडक्यानं टिपून बादलीत पिळणारी बाई ती!

"शिवांजलीला तरी यातलं दिऊ नगंस."

विजयमालाच्या अंगाचा तिळपापड झाला. पोटच्या पोरीला मी असलं पाजीन? ती तरातरा घरात गेली. शिवांजलीची शाळेची बाटली कोनाड्यात भरून ठेवलेली होती. तिनं झाकण काढलं, पाणी तळहातावर घेतलं, बोटं चोळली.

बुळबुळीत लागलं.

तिनं हात पदराला खसाखसा पुसला. मग कोरडीच बोटं एकमेकांवर चोळली. सोड्यानं त्यांच्यावरच्या रेघा कधीच खाल्ल्या होत्या. तीही बुळबुळीतच लागली.

"आई, पानी दे की," दारातून शिवांजलीनं हात पुढं केला.