मावशीचा वेग

ठेक्या एका गायिकेच्या कार्यक्रमांत ड्रम मशीन वाजवायचा. मशीन चोख होती, आणि गायिकेची तक्रार नेमकी तीच होती.

"सगळं बरोबर वाजतं रे," ती म्हणायची, "पण साथीला घड्याळ घेऊन बसल्यासारखं वाटतं."

ठेक्या राहायचा मावशीकडे. मावशी पुढच्या खोलीत कपडे दुरुस्त करून द्यायची. बटण हवं असलं की ती बटणांचा पत्र्याचा डबा कानाजवळ धरून हलवायची. मोठी बटणं आपोआप वर येतात म्हणे. तो खुळखुळाट ऐकून ठेक्याला कल्पना सुचली. त्याने मावशीसमोर माइक धरला, दोन ओळींपुरता आवाज टिपला आणि त्याचं पुन्हा पुन्हा फिरणारं लूप करून मशीनच्या ठोक्यांखाली घातलं. लूप मशीनच्या टेम्पोला बांधलेलं होतं. मशीन जलद केली की डबाही जलद हलायचा, हळू केली की हळू.

गायिकेने डोळे मिटून ऐकलं. "आता कसं, कुणीतरी जिवंत माणूस शेजारी बसलंय!"

पण एका दुपारी सराव चालू असताना मशीन अचानक मंदावली. वेगाच्या बटणाला कुणी हात लावला नव्हता. ठेक्याने वायरी काढून परत लावल्या, मशीन बंद करून चालू केली. गाणं आपलं जांभया देत चाललेलं. शेवटी सहज म्हणून त्याने घरी फोन लावला.

"मावशी, काय करतेयस?"

"काही नाही रे. जेवण जड झालं, जरा आडवी झाले होते." ती उठून बसली असावी, कारण मशीन लगेच ताळ्यावर आली.

लूप टेम्पोला बांधताना उलटी गाठ पडली होती. मावशी मशीनच्या मागे नव्हती. मशीन मावशीच्या मागे लागली होती.

ठेक्याने बाटलीत तांदूळ भरून हलवले, किल्ल्यांचा जुडगा वाजवला, खराटासुद्धा घासून पाहिला. गायिकेने प्रत्येकाला नाक मुरडलं. "या वस्तू वाजतायत. मला मावशी हव्यात."

पुढचा कार्यक्रम फरशांच्या एका नव्या दुकानाच्या उद्घाटनाचा होता. ठेक्याने मावशीला विनवलं, की तेवढा वेळ घरी बसून एका लयीत डबा हलवत राहा.

"त्यापेक्षा मीच येते की तिथे."

"तू आलीस तर लोक विचारतील, मग मशीन कशाला? आणि मशीन कशाला म्हटलं की मी तरी कशाला?"

मावशीला त्याची दया आली. "बरं बाबा. हलवीन घरूनच."

पहिलं गाणं रंगलं. दुसऱ्यात गायिकेने वरचा सूर लावला आणि मशीन ठप्प झाली. गायिका सूर धरून उभी. मालक फरशीच्या नमुन्याने वारा घेत होता, त्याचाही हात थांबला. ठेक्याने घाईघाईने मावशीला फोन लावला. पण त्या दिवशी फोन मशीनलाच जोडलेला होता, त्यामुळे मावशी थेट स्पीकरमधून बोलू लागली.

"थांब रे, गिऱ्हाईक आलंय." मग बहुधा त्या गिऱ्हाइकाला, "अहो, पोट आत ओढू नका. मापापुरतं बारीक होऊन काय उपयोग? पँट तुम्हाला रोज घालायचीय ना?"

पुढच्या रांगेतल्या तीन-चार जणांनी हळूच पोटं सैल सोडली.

"पण लग्नात हीच पँट होत होती हो," गिऱ्हाईक कळवळून म्हणालं.

"लग्नात बायकोही ऐकत होती. आता ऐकते का?"

लोक खो खो हसले. मग मावशीने बटण शोधायला डबा हलवला आणि मशीन जिथे थांबली होती बरोबर तिथून सुरू झाली. गायिकेने तोच सूर पुढे नेला. टाळ्या थांबेनात.

त्यानंतर बोलावणी येऊ लागली, पण प्रत्येकाची अट एकच: मावशी समोर हव्यात. मावशी डबा, मापाची टेप आणि सुया घेऊन व्यासपीठावर बसू लागली. मशीन तिच्या पायाशी मुकाट वाजायची. तिला चालवायला कुणी लागतच नव्हतं. ठेक्या घरी मावशीचं शिवणाचं दुकान सांभाळू लागला. पहिल्याच आठवड्यात त्याने तीन सदऱ्यांच्या बाह्या गळ्याजवळ शिवल्या.

एका संध्याकाळी तेच गिऱ्हाईक पँट घेऊन आलं. "मावशी कुठायत?"

"कार्यक्रमाला गेलीय. मी करून देऊ?"

त्याने भिंतीवर टांगलेल्या सदऱ्यांकडे पाहिलं. "नको. मी तिकडेच जातो."

"थांबा," ठेक्या म्हणाला. त्याने दुकानाला कुलूप लावलं आणि त्याच्या मागोमाग निघाला.

दोघांना शेवटच्या रांगेत जागा मिळाली. ठेक्याने आपली मशीन आजवर कधी समोर बसून ऐकली नव्हती. ठोका छातीत येऊन बसत होता, डबा त्याच्याभोवती सैलसर फिरत होता. मध्येच मावशी सुईत दोरा ओवायला थांबली, तशी अख्खी सभा श्वास रोखून थांबली. दोरा गेला. ठेक्याच्या तोंडून नकळत मोठ्याने "वा!" निघून गेलं.

"शू!" पलीकडच्या बाजूचा एक श्रोता म्हणाला. "गप्प बसा हो. तुम्हाला काय कळतं यातलं?"

"फारसं नाही," ठेक्या म्हणाला आणि सरसावून बसला.